गुलाबी भूत आणि हातचा एक

भाषेच्या तासाला आपण मुलांकडून निबंध लिहून घेतो. पण त्याआधी कित्येक वर्षे त्यांना दुसऱ्यांनी लिहिलेले वाचायला देतो. संगणकाच्या तासाला मात्र हा क्रम आपण पाळत नाही. पहिल्या दिवसापासून मुले लिहायला बसतात: दोन संख्यांची बेरीज, तीन संख्यांतली मोठी संख्या, एकोणीसचा पाढा. दुसऱ्या कुणी लिहिलेली, खरोखर वापरात असलेली आज्ञावली ओळीओळीने वाचली आहे असा विद्यार्थी बारावीपर्यंत क्वचितच भेटतो. असे शिक्षकही फारसे भेटत नाहीत. आम्ही स्वतः त्या न वाचणाऱ्यांतलेच होतो.

आम्हाला वाचायला लावले ते नववीतल्या एका मुलीच्या प्रश्नाने. ‘सर, पॅकमॅनमधल्या गुलाबी भुताला मी कुठे जाणार हे आधीच कसं कळतं? ते विचार करतं का?’ मागच्या बाकावरून लगेच उत्तर आले, ‘अगं, त्यात एआय असतं.’ वर्गाचे समाधान झाले, आमचे झाले नाही. हा खेळ १९८० सालचा. आज ‘कृत्रिम बुद्धिमत्ता’ म्हणून जे काही मुलांच्या कानावर पडते, त्यातले या यंत्रात बसण्याजोगे काहीच नव्हते. मग त्यात होते तरी काय? ते शोधायला आम्ही आज्ञावली वाचायला घेतली. हा लेख म्हणजे त्या वाचनाचा अभिप्राय आहे. एखाद्या पुस्तकाचे परीक्षण लिहावे तसे आम्ही हे लिहीत आहोत, कारण आज्ञावलीतही बऱ्यावाईट गोष्टी असतात आणि त्या दाखवता येतात असे आमचे मत झाले आहे.

प्रथम संहितेविषयी. जपानच्या नामको कंपनीसाठी तोरू इवातानी यांनी पॅकमॅनची रचना केली. नाणे टाकून खेळायच्या मूळ यंत्रात झेड-८० नावाची चिप होती आणि संपूर्ण आज्ञावली १६ किलोबाइटमध्ये, म्हणजे १६,३८४ बाइटमध्ये बसवलेली होती. तुम्ही वाचत आहात तो हा लेख आजच्या संगणकावर देवनागरीत साठवला, तर त्याला याहून जास्त जागा लागेल. कंपनीने मूळ लिखित आज्ञावली प्रसिद्ध केलेली नाही. अभ्यासक वाचतात ती यंत्रातल्या चिपवरून उतरवून घेतलेली बाइटांची ओळ. त्या बाइटांवरून झेड-८०च्या आज्ञा उलट ओळखून काढाव्या लागतात. मोडी दप्तर वाचणाऱ्यांना हे काम ओळखीचे वाटेल. तिथेही शब्द तोडलेले नसतात. कुठे एक शब्द संपला आणि दुसरा सुरू झाला हे अर्थावरून ठरवावे लागते. इथे तर एखादा बाइट आज्ञा आहे की नुसता आकडा, हेही संदर्भावरूनच ठरते. लेखकाने दिलेली नावे आणि समासातल्या टिपा यांतले काहीही उरलेले नसते. हौशी वाचकांनी हे काम वर्षानुवर्षे केले आणि आपापल्या टिपा जोडल्या, म्हणून आपल्यासारख्यांना ते वाचता येते.

खेळ बहुतेकांनी पाहिलेला असेल. चक्रव्यूहात २४४ ठिपके आहेत, २४० लहान आणि ४ मोठे. पिवळा पॅकमॅन ते खात फिरतो आणि चार भुते त्याच्या मागावर असतात. पडदा ८ बाय ८ बिंदूंच्या घरांत विभागलेला आहे, बुद्धिबळाच्या पटासारखा. अशी २८ घरे आडवी आणि ३६ उभी. आज्ञावलीच्या दृष्टीने पॅकमॅन आणि भुते कुठल्या तरी एका घरात असतात, आणि ते घर म्हणजे दोन आकडे. ‘मी कुठे आहे हे भुताला कसं कळतं’ याचे उत्तर इथेच मिळते. भूत शोधत नाही. पॅकमॅनच्या घराचे दोन आकडे स्मृतीत लिहिलेले असतात आणि ते थेट वाचले जातात.

पाठलागाच्या वेळी प्रत्येक भुतासाठी एक ‘लक्ष्यघर’ ठरवलेले असते. भूत चौकात आले की पुढच्या शक्य घरांपैकी ज्या घरापासून लक्ष्यघर सरळ रेषेत सर्वांत जवळ, ते घर निवडते. आल्या वाटेने मागे वळायचे नाही, असे बंधन. समजा लक्ष्यघर भुतापासून ५ घरे उजवीकडे आणि २ घरे खाली आहे, आणि भूत डावीकडे चालले आहे. उजवीकडे वळता येणार नाही. उरले वर, डावीकडे आणि खाली. वरच्या घरापासून अंतराचा वर्ग २५ + ९ = ३४, डावीकडच्या घरापासून ३६ + ४ = ४०, खालच्या घरापासून २५ + १ = २६. भूत खाली जाते. वर्गमूळ काढावेच लागत नाही, कारण ज्याचा वर्ग लहान तो आकडाही लहान. या चिपला साधा गुणाकारसुद्धा एका आज्ञेत करता येत नाही, त्यामुळे ही काटकसर महत्त्वाची. पायथागोरसचा सिद्धान्त शिकवताना ‘याचा उपयोग काय’ असे विचारणाऱ्या मुलांसमोर हे उदाहरण ठेवून पाहावे.

भूत एका घरापलीकडचे पाहत नाही, हे मात्र लक्षात घ्या. पुढे भिंत आहे का, वळसा पडेल का, हे ते तपासत नाही. दोन ठिकाणांमधला सर्वांत जवळचा रस्ता काढायची डाइक्स्ट्रा यांची रीत १९५९ पासून छापील स्वरूपात उपलब्ध होती. ती इथे नाही. म्हणून भूत कधीकधी जवळची वाट सोडून लांबून येते, आणि खेळाडूला वाटते की ते मुद्दाम वेढा घालत आहे.

चारही भुतांना निवडीचा नियम हा एकच. फरक आहे तो लक्ष्यघरात. लाल भुताचे लक्ष्यघर म्हणजे पॅकमॅन आहे तेच घर. गुलाबी भुताचे लक्ष्य पॅकमॅनच्या तोंडासमोर चार घरे पुढे. नारिंगी भूत पॅकमॅनपासून आठ घरांहून लांब असेल तर लालसारखे वागते. जवळ आले की त्याचे लक्ष्य बदलून खालचा डावा कोपरा होते. निळ्याचा नियम थोडा गमतीचा: पॅकमॅनच्या पुढचे दुसरे घर घ्या, लाल भुतापासून तिथपर्यंत रेघ ओढा, ती तेवढीच पुढे वाढवा; जिथे संपेल ते निळ्याचे लक्ष्य. जपानी आवृत्तीत या भुतांना स्वभावावरून नावे दिली होती. लाल तो पाठलाग करणारा, गुलाबी तो दबा धरणारा, निळा तो लहरी आणि नारिंगी तो वेड पांघरणारा.

आमच्या मते या आज्ञावलीतला सर्वांत चांगला भाग हाच आहे. चार स्वभाव निर्माण करायला चार वेगळ्या आज्ञावल्या लागल्या नाहीत. एकाच नियमाला चार वेगवेगळी लक्ष्ये दिली. ‘लहरी’ निळ्या भुताचा नियम तर अगदी काटेकोर आहे, त्यात लहर कुठेच नाही. पण त्याची चाल दोन ठिकाणांवर अवलंबून असते, आणि जीव वाचवत पळणारा खेळाडू एका वेळी दोन ठिकाणांवर लक्ष ठेवू शकत नाही. त्याला जे आगाऊ सांगता येत नाही, त्याला तो लहर म्हणतो. दबा धरणाऱ्या गुलाबीचेही तसेच. पॅकमॅन धीटपणे थेट त्याच्या अंगावर चालून गेला, तर चार घरे पुढचे लक्ष्य गुलाबीच्या पाठीमागे जाऊन पडते आणि चौक मिळताच ते बाजूला वळते. खेळाडू म्हणतात, गुलाबी घाबरले. भीतीची आज्ञा मात्र संपूर्ण संहितेत शोधून सापडत नाही. मोठा ठिपका खाल्ल्यावर भुते निळी पडून सैरावैरा धावतात, तेव्हाही धावण्याची दिशा एका आकड्यांच्या यंत्रणेतून येते. प्रत्येक नवी पातळी किंवा नवा जीव सुरू होताना ती यंत्रणा पुन्हा पहिल्या आकड्यावर आणून ठेवली जाते. म्हणजे सैरावैरा धावणेही दरवेळी तेच! तरबेज खेळाडू ठराविक वळणांचे मार्ग पाठ करून पातळीमागून पातळी पार करत, ते यामुळेच शक्य झाले.

आता चुकीकडे वळू. पॅकमॅन उजवीकडे, डावीकडे किंवा खाली चालला असेल तर गुलाबीचे लक्ष्य बरोबर चार घरे पुढे असते. तो वर चालला असेल तर मात्र ते चार घरे वर आणि शिवाय चार घरे डावीकडे पडते. असे का व्हावे? यासाठी चिपचे अंकगणित पाहावे लागते. आम्ही ते वर्गात दशमान पद्धतीत मांडले आणि मुलांना ते चटकन समजले. म्हणून इथेही तसेच मांडतो.

समजा प्रत्येक आकड्याला दोनच अंकांची जागा आहे. ०० मधून एक वजा केला तर काय? स्कूटरचा किलोमीटरचा आकडा उलटा फिरवल्यासारखे ९९ येईल. म्हणजे वजा एक लिहायचा तो ९९ असा. पॅकमॅनचे घर आपण चार अंकांत लिहू: पहिले दोन अंक स्तंभाचे, पुढचे दोन ओळीचे. स्तंभ १०, ओळ २० म्हणजे १०२०. या यंत्रात स्तंभ उजवीकडून डावीकडे मोजतात आणि ओळी वरून खाली. तेव्हा एक घर वर जाणे म्हणजे स्तंभात शून्य आणि ओळीत वजा एक: ००९९. चार घरे हवीत म्हणून याची दोनदा दुप्पट करू. ००९९ आणि ००९९ मिळून ०१९८. ०१९८ आणि ०१९८ मिळून ०३९६. आता हे पॅकमॅनच्या घरात मिळवू: १०२० + ०३९६ = १४१६. ओळ २० ची १६ झाली, ते ठीक. पण स्तंभ १० चा १४ झाला! ओळीच्या बेरजेतला हातचा दरवेळी शेजारच्या स्तंभात जाऊन बसला, आणि लक्ष्य चार घरे डावीकडे सरकले.

मग उजवीकडे जाताना हे का होत नाही? तिथे वजा एक स्तंभात आहे: ९९००. चौपट ३९६००, जागा चारच अंकांची, म्हणून उरतात ९६००. १०२० मध्ये मिळवले की १०६२०, म्हणजे ०६२०. स्तंभ १० चा ६, ओळ २० ची २०, दोन्ही बरोबर. हातचा इथेही निघाला, पण डाव्या टोकाला त्याला शेजारी नव्हता, म्हणून तो बाहेर पडून गेला. खाली आणि डावीकडे जाताना वजा एक येतच नाही. चार दिशांपैकी एकच का बिघडली, हे एवढ्याने उलगडते. निळ्या भुतासाठी दुप्पट एकदाच केली आहे, त्यामुळे तिथे चूक दोन घरांची. पडताळा वाचकांनी स्वतः करून पाहावा. प्रत्यक्ष यंत्रात दोन अंकांच्या जागी आठ बिट आणि ९९ च्या जागी २५५ आहे, बाकी सगळे हेच.

दोन आकडे एकाच जोडीत ठेवून एकाच आज्ञेने बेरीज करणे ही लेखकाची काटकसर होती. दोन बेरजा वेगळ्या केल्या असत्या तर काही आज्ञा वाढल्या असत्या, पण गुलाबी भूत ठरल्याप्रमाणे चालले असते. आम्ही ही काटकसर फसलेली मानतो.

याच घराण्यातली दुसरी चूक अधिक प्रसिद्ध आहे. २५६ वी पातळी सुरू झाली की पडद्याचा उजवा अर्धा भाग अक्षरे आणि चिन्हांच्या कचऱ्याने भरून जातो. पातळीचा आकडा एका बाइटमध्ये ठेवलेला आहे आणि मोजणी शून्यापासून आहे, म्हणजे २५६ व्या पातळीला तो २५५ असतो. खालच्या कोपऱ्यात फळे काढणारी आज्ञावली त्यात एक मिळवते आणि उत्तर येते शून्य. शून्य आठपेक्षा लहान, म्हणून ती सुरुवातीच्या पातळ्यांसारखी ‘जेवढा आकडा तेवढी फळे’ काढायला घेते. फेरा असा लिहिला आहे की आधी फळ काढायचे, मग आकड्यातून एक वजा करायचा आणि मग शून्य झाले का ते पाहायचे. शून्यातून एक गेला की २५५. झाले, एकूण २५६ फळे! सातांची जागा, त्यामुळे उरलेली चक्रव्यूहावर उमटतात. २४४ ठिपके आता खायला मिळतच नाहीत आणि पातळी संपत नाही. पहिल्या चुकीत टाकून द्यायचा हातचा ठेवला गेला. इथे ठेवायचा हातचा टाकला गेला. तरी या दुसऱ्या चुकीबद्दल आम्ही लेखकाला फारसा दोष देणार नाही. नाणे टाकून खेळणारा कुणी २५५ पातळ्या पार करील, हे १९८० साली कोणाच्या मनात येणार होते?

संहिता वाचून यंत्र काय करते ते कळते; कर्त्याला काय हवे होते ते कळतेच असे नाही. तोमोहिरो निशिकादो यांनी ताइतो कंपनीसाठी १९७८ मध्ये केलेला स्पेस इन्व्हेडर्स घ्या. त्यात ५५ परग्रहवासी रांगांनी खाली येतात, आणि जसजसे मरतात तसतसे उरलेले वेगाने धावू लागतात. ‘आता वेग वाढव’ अशी आज्ञा आपण शोधत बसतो. पण ती लागतच नाही. पडदा सेकंदाला ६० वेळा नवा होतो आणि दरवेळी एकच परग्रहवासी पुढे सरकवला जातो. ५५ असताना प्रत्येकाची पाळी साधारण सेकंदाने येते, ११ उरले की सेकंदाला पाच वेळा. वेग हा भागाकारातून आपोआप आला. एका फेरीत एकालाच सरकवण्याचा निर्णय नाइलाजाचा होता की योजनेचा, हे त्या बाइटांत कुठेही लिहिलेले नाही.

म्हणूनच लेखकाच्या हातची संहिता मिळाली की वाचनाचा आनंद निराळा असतो. जॉर्डन मेकनर यांचा प्रिन्स ऑफ पर्शिया १९८९ मध्ये अ‍ॅपल-२ संगणकासाठी निघाला. त्याची मूळ आज्ञावली हरवली असे ते धरून चालले होते. २०१२ मध्ये त्यांच्या वडिलांना घरी जुन्या फ्लॉपींची पेटी सापडली. जुन्या यंत्रांचे जाणकार मदतीला आले, फ्लॉपी वाचता आल्या आणि मेकनर यांनी ती आज्ञावली सर्वांसाठी खुली केली. इथे भागांना नावे आहेत, समासात टिपा आहेत. राजपुत्राचे धावणे, उडी मारणे, कठड्याला लोंबकळणे हे आज्ञांमध्ये नसून एका लांबलचक तक्त्यात आहे: हे चित्र दाखव, इतके पुढे सरक, पुढचे चित्र दाखव. मेकनर यांनी आपल्या धाकट्या भावाला पळायला लावून चित्रफीत घेतली होती आणि तिच्यावरून ही चित्रे काढली होती. पहारेकऱ्यांसाठीही तक्ते आहेत. वार करण्याची शक्यता किती, वार अडवण्याची किती, पुढे सरसावण्याची किती, असे आकडे प्रत्येक दर्जाच्या पहारेकऱ्यासाठी वेगळे मांडले आहेत. त्या रांगांना लेखकाने दिलेली नावेच त्याचा हेतू सांगतात. पॅकमॅनच्या वाचकाला असा एकही शब्द हाती लागत नाही.

या खेळातली छाया प्रसिद्ध आहे, राजपुत्राचा आरशातून निघालेला प्रतिस्पर्धी. मेकनर यांनी सांगितल्याप्रमाणे नव्या पात्राच्या चित्रांना स्मृतीत जागाच उरली नव्हती. म्हणून राजपुत्राचेच चित्र एक बिंदू सरकवून त्याच्यावरच ठेवले आणि जिथे दोन्ही चित्रांतले बिट सारखे तिथे शून्य, वेगळे तिथे एक, असे केले. आतला भाग पुसला जातो आणि थरथरती कड उरते. सुंदर! पण या आज्ञावलीचे सरसकट गोडवे आम्ही गाणार नाही. ती त्या एकाच यंत्राच्या इतकी अंगाला चिकटलेली आहे की अ‍ॅपल-२ ची रचना माहीत नसलेल्या वाचकाला कित्येक पाने केवळ चाळावी लागतात. शाळेत वाचायला पॅकमॅनचे चार नियम बरे.

आम्ही ते करून पाहिले. मैदानावर चुन्याने घरे आखली, चार मुलांना भुते केले, एकीला पॅकमॅन. प्रत्येक भुताच्या हातात त्याचा नियम लिहिलेली चिठ्ठी आणि गणिताला एक साथीदार. पहिला डाव फार हळू चालला, कारण वर्गांच्या बेरजा चुकत होत्या. तिसऱ्या डावात मुले घरे मोजून, आकडे न लिहिता, लक्ष्य सांगू लागली. मग प्रश्न आला की गुलाबी भुताने चुकीचा नियम पाळायचा की दुरुस्त केलेला. प्रश्न विचारणारी मुलगीच पॅकमॅन होती. तिने दोन्ही खेळून पाहिले. मूळ नियमात ती मुद्दाम वर तोंड करून धावली की गुलाबी भलत्याच गल्लीत शिरत असे, आणि ती सुटत असे. दुरुस्त नियमात ती चौथ्या चौकात पकडली गेली. ‘सर, चूक राहू द्या,’ ती म्हणाली. गुलाबी भूत झालेल्या मुलाचे मत अर्थातच वेगळे होते, आणि घंटा झाली तरी त्यांचा वाद चालूच होता.